कालव्यापलीकडची ओटी

"हे लाल दिसतंय ना, ते सोडून द्या," दादा म्हणाला आणि हातातल्या पट्टीनं भिंतीवरच्या नकाशावर टकटक केलं. "हे गावठाण. ते आपलं नाही, कधी नव्हतं आणि होणारही नाही."

समोर सतरंजीवर कार्यकर्ते बसले होते, खिडकीपाशी वहिनी उभी होती आणि चहाचा ट्रे धरून दारात मी. दादा पाटबंधारे खात्यात आरेखक होता. निवृत्तीनंतर कालवे काढायचे उरले नाहीत, तेव्हा त्यानं आमच्या साळगावचा अख्खा प्रभाग बैठकीच्या भिंतीवर रंगवून काढला. मधून निळ्या पट्ट्यासारखा कालवा. कालव्याच्या अलीकडे सोसायट्या, त्या पिवळ्या. पलीकडे गावठाण, लाल. आणि खाली टेकडीच्या पायथ्याशी दगडखाणीची वस्ती. ती त्यानं पांढरीच ठेवली होती, कारण ती दर वेळी वेगळ्या बाजूला जाई.

त्या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. पण त्या भिंतीचा इतिहास मला अजून पाठ आहे, कारण दादा तो पाहुण्यांना जेवणाआधी ऐकवायचा आणि जेवणानंतर पुन्हा ऐकवायचा. साळगाव महापालिकेत गेलं तेव्हा अलीकडे सगळा ऊस होता आणि त्यात चार-दोन इमारती. पहिल्या निवडणुकीत गावठाणानं आपला माणूस निवडून दिला. पुढच्या वेळेपर्यंत ऊस गेला, इमारती आल्या, मतं पलीकडच्या दुप्पट झाली. पण मतदानाला जोडून सुट्टी आली आणि मंडळी गाड्या काढून कोकणात गेली. सोसायट्यांनी त्या वर्षी समुद्राला मत दिलं, असं दादा म्हणायचा. पुन्हा गावठाण. तिसऱ्या वेळी दादा स्वतः उभा राहिला. खाणवस्ती निम्मी इकडे, निम्मी तिकडे गेली, गावठाण एकगठ्ठा विरोधात गेलं आणि दादा थोडक्यात पडला. त्या 'थोडक्यात'वर तो पाच वर्षं जगला.

चौथ्या वेळी प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. दादानं एक रात्र तोंड पाडलं आणि सकाळी वहिनीचा अर्ज भरला.

निशाणी मिळाली कपबशी. चौकात फलक लागला, त्यावर हात जोडलेली वहिनी आणि तिच्या मागे, तिच्या दीडपट, दादा. मी सासरहून मदतीला आले ती एसटीतून उतरले आणि आधी त्या फलकाखालीच उभी राहिले.

"दादा, उमेदवार नक्की कोण रे?" घरात पाऊल टाकताच मी विचारलं.

"कुंदे, लोक मला ओळखतात. मालिनीला कोण ओळखतं?"

हे काही खरं नव्हतं. सोसायटीची बोअर आटली तेव्हा पाणीखात्याच्या कचेरीत उन्हाळाभर खेटे घालून नळाची जोडणी आणली ती मालिनीवहिनीनं. साहेब भेटेना, तर डबा घेऊन त्याच्या दारात बसायची. दादानं फक्त नळाला हार घातला. पण फोटो हाराचा निघाला.

त्या रात्री भांडी आवरताना वहिनीनं मला विचारलं, "वन्सं, मी निवडून आले तर सभागृहात कोण बसणार?"

"नाव तुमचं आहे ना?"

"नाव तर गॅसच्या पुस्तकावरही माझंच आहे. सिलिंडर कधी मागवायचा ते हे ठरवतात." तिनं पातेलं पालथं घातलं. "मला निवडून यायचंय, वन्सं. पण शिक्का होऊन नाही. मला त्या खुर्चीत बसायचंय. बसता येणार नसेल तर पडलेलं बरं."

शांत बाई ती. बार्शीकडची, मोजकं बोलणारी. पण हे तिनं असं सांगितलं की मी हातातलं फडकं खाली ठेवलं. आमच्या घरात इतक्या वर्षांत तिनं स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवेना.

त्या वेळी गावठाणातून कुणी उभं नव्हतं. तिथल्या पायगुड्यांच्या दोन भावक्यांत कुणाची सून उभी करायची यावर एकमत होईना, म्हणून कुणाचीच उभी राहिली नाही. समोर होती शहरातल्या एका बिल्डरची बायको. तिची माणसं गावठाणात रोज जीप घेऊन फिरत होती. दादाचं म्हणणं, तिकडे पाय मोडून उपयोग नाही. वहिनीचं म्हणणं, एकदा तरी जाऊ. शेवटी प्रचार संपायच्या आदल्या दिवशी दादा कसाबसा तयार झाला.

कालव्यावर लोखंडी साकव होता. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ होतं. पलीकडच्या पायऱ्यांवर बायका धुणं आपटत होत्या. पायऱ्या कसल्या, चार दगड उरलेले. आमची वीस-पंचवीस माणसं साकवावरून गेली तशी त्यांनी धुणं थांबवून पाहिलं आणि पुन्हा आपटायला घेतलं.

आम्ही गेलो हौसाआक्काकडे. थोरल्या भावकीतली ती सगळ्यांत वडील बाई. नवरा जाऊन जमाना झालेला, मुलगा तालमीचा प्रमुख. पण तालमीत काय ठरायचं ते आधी हौसाआक्काच्या ओसरीवर ठरतं, हे साळगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिनं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, चहा दिला.

आणि दादा बोलू लागला. गटारं बोलला, दिवे बोलला, कालवा कोणत्या साली खोदला तेही बोलला. वहिनी शेजारी हात जोडून बसली होती. एकदा तिनं "त्या धुण्याच्या पायऱ्या" एवढं म्हटलं, तर दादा म्हणाला, "तो मुद्दा मी पुढे घेतोय," आणि पुढे घेतला नाही.

हौसाआक्का सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बरं झालं आलात. मोटी मानसं गरिबाच्या दारी आली." मग आत वळून हाक मारली, "आगं, सुपात तांदूळ आन, नारळ आन."

वहिनीला पाटावर बसवून तिनं हळदीकुंकू लावलं, खण-नारळ दिला, पाच ओंजळी तांदूळ घालून ओटी भरली. आमच्यातल्या कुणीतरी टाळी वाजवली. दादाची छाती तर सदऱ्यात मावेना.

साकवावर येताच तो म्हणाला, "बघितलंस कुंदे? ओटी भरली. गावठाणानं ओटी भरली. आता नकाशा बदलायला लागणार."

घरी आल्यावर वहिनी पदरातले तांदूळ ताटात काढत होती, तेव्हा मी दार लोटून घेतलं.

"वहिनी, खरं सांगू? ही मतं गेली."

तिनं वर पाहिलं.

"मी वीस वर्षं भीमेकाठच्या खेड्यात सून म्हणून काढलीत. ओटी कुणाची भरतात? लेक सासरी निघाली की भरतात. पाहुणी परत निघाली की भरतात. मान असतो, त्यात खोट नसते. पण ओटी भरली की बाईनं उंबरा ओलांडून आपल्या घरी जायचं असतं. घरात नांदतीये तिची रोज उठून कोण भरतं? तिला काम सांगतात. त्यांनी तुमची रीतसर बोळवण केली."

वहिनी तांदूळ निवडायला बसली. मग म्हणाली, "चूक नाही त्यांची. मी गेलेच पाहुणीसारखी. ह्यांच्या मागून." आणि थोड्या वेळानं, "वन्सं, ओटीच्या तांदळाचं काय करतात तुमच्याकडे?"

"गोड भात. घरच्यांनी मिळून खायचा."

"आमच्याकडेही तेच," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रचाराची शेवटची दुपार. खाणवस्तीत मोठी सभा ठेवलेली, कर्णा लागलेला. पांढरा भाग आपल्या रंगात आणायची ती शेवटची संधी, असं दादा सकाळपासून घोकत होता. वहिनीनं सकाळी त्या तांदळाचा गूळ-खोबरं घालून भात केला, मोठ्या डब्यात भरला आणि पायांत चपला सरकवल्या.

"सभा आहे, वहिनी," मी म्हटलं.

"सभेत मला कुठे बोलायचंय? हात जोडायचेत. ते फलकावर जोडलेलेच आहेत. येताय का?"

मी हसले आणि निघाले. असली हाक कोण सोडतं?

हौसाआक्काच्या ओसरीवर तेव्हा बायकांचा मेळा बसला होता. नातीचं लग्न तोंडावर आलेलं, रुखवताचे पापड चालले होते. तेलाचा हात लावलेलं पीठ पाट्यावर कुटलं जात होतं, दोऱ्यानं लाट्या पडत होत्या. आम्हाला पाहून सगळ्यांची तोंडं मिटली.

"काय इसरलं काय?" हौसाआक्कानं विचारलं.

"नाही आक्का. कालचे तांदूळ शिजवले. ओटीचा भात घरच्यांनी मिळून खायचा असतो, म्हणून घेऊन आले."

हौसाआक्कानं डब्याकडे पाहिलं. मग वहिनीकडे. मग माझ्या मागे, साकवाकडे. "मालक कुटं हायेत?"

"सभेत आहेत."

"आन् तू हितं? तुजी सभा सोडून?"

"सभा त्यांची आहे आक्का. माझं काम इथं आहे. त्या धुण्याच्या पायऱ्या कधीपासून फुटल्यात?"

कोपऱ्यातून एक सून म्हणाली, "तीन पावसाळं झालं. कालव्यावरच्या पाटकऱ्याला सांगितलं, तर म्हनतो महापालिकंला सांगा. महापालिका म्हनती कालवा आमचा न्हाय."

"कालवा पाटबंधाऱ्याचा आणि काठ महापालिकेचा," वहिनी म्हणाली. "दोघांना एका टेबलाशी बसवल्याशिवाय ते होणार नाही. सोसायटीच्या नळाचं असंच होतं. मला माहितीये कुठल्या दाराशी बसायचं ते."

"कोन बसनार?" हौसाआक्कानं विचारलं. आवाज चढवला नाही, पण ओसरीवरचं लाटणं थांबलं. "तू का तुजा नवरा? आमाला हे एक कळू दे. काल त्येच बोलत हुते. आमच्यात बी बाया उभ्या ऱ्हात्यात आन् कारभार बाप्ये करत्यात, आमाला ते नवं न्हाय. मंग तुजंच नाव कशाला? त्या बिल्डराच्या बायकूचं काय वाईट?"

वहिनी ओसरीच्या पायरीवर उभी होती. म्हणाली, "मी बसणार. नाही बसले, तर तुम्ही साकवावरून या आणि माझ्या दारात येऊन विचारा. डबा घेऊन या, म्हणजे लवकर उठायला नको."

एक बाई फिसकन हसली. हौसाआक्का हसली नाही. तिनं पोळपाट उचलला आणि पायानंच वहिनीच्या बाजूला सरकवला.

"हात धू आन् बस. दोन मन पीठ पडलंय. नुसतं बोलून पापड व्हत न्हाईत."

वहिनी बसली. मीही बसले. पहिला पापड पाहूनच हौसाआक्कानं तोंड वाकडं केलं. "हे काय, भाकरी हाय व्हय? तुजी आय काय शिकवून गेली न्हाय का? पातळ लाट. उजेड दिसला पायजे पल्याडचा." वहिनीनं मान खाली घालून पुन्हा लाटला. आणखी बोलणी खाल्ली. मी बाजूला बसून खुशीत होते, कारण सासूची बोलणी कुणाला बसतात हे मला चांगलं ठाऊक होतं. मधेच गोड भात वाटला गेला. उन्हं उतरेपर्यंत आम्ही तिथंच होतो. मताचा शब्द कुणीच काढला नाही. निघताना कुणी सूप आणलं नाही, नारळ आणला नाही. हौसाआक्का दारापर्यंतही आली नाही. आतूनच म्हणाली, "जाताना तेवडा हांडा पडवीत ठिवून जा."

वहिनीनं हांडा उचलून पडवीत ठेवला. साकवावर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. ओटी भरली नव्हती.

घरी दादा पेटलेला. "खाणवस्तीत सगळे उमेदवार कुठे, उमेदवार कुठे म्हणून विचारत होते. अर्धी सभा उठून गेली. कुठे होतीस तू?"

"पापड लाटत होते."

"पापड?" तो मटकन खुर्चीत बसला. "मी पाच वर्षं हा नकाशा घेऊन बसलोय आणि तू पापड लाटतेस. बरं, काल ओटी भरली होती, आज काय दिलं त्यांनी?"

"काही नाही. शिव्या दिल्या."

दादानं कपाळाला हात लावला. त्याच्या लेखी निवडणूक तिथं संपली. रागानं तो रात्री जेवला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. रीतभात मला कळत होती, पण मतांची यंत्रं रीत पाळतात की नाही हे कुणी सांगावं?

मतदानाच्या दिवशी सोसायट्यांतून सकाळी-सकाळी बऱ्याच गाड्या बाहेर पडल्या. मागच्या डिक्कीत पोरांचे चेंडू आणि टोप्या. दादा चौकात उभा राहून एकेकाला हात करत होता आणि ते काच खाली करून "आलोच संध्याकाळी" म्हणत होते. समुद्र काही एवढ्या जवळ नव्हता.

मोजणीला आम्ही तिघं गेलो. आधी सोसायट्यांची केंद्रं मोजली. वहिनी पुढे होती, पण दादाच्या हिशेबाच्या मानानं थोडीच. मग खाणवस्ती आली आणि होती नव्हती ती आघाडी पुसली गेली. उलट बिल्डरची बायको पुढे सरकली. तिकडे गुलाल फुटला. दादानं वहिनीकडे अशी एक नजर टाकली की मीच ओशाळले. तिची मात्र पापणी हलली नाही. पदराचं टोक तेवढं तिनं मुठीत घट्ट धरलं होतं.

"आता फक्त गावठाण," दादा म्हणाला. "चला. गर्दी व्हायच्या आत निघू." तो दाराबाहेर जाऊन चपला शोधू लागला. एक पाय चपलेत, एक बाहेर, असा तो असतानाच आतून आमची पोरं ओरडत आली. गावठाणाच्या शाळेतली सगळी केंद्रं, एकगठ्ठा, कपबशीला.

त्या दिवशी दादा रडला. मला वाटतं आनंदानंच. पण त्यात थोडा गोंधळही असावा.

संध्याकाळी मिरवणूक साकवावरून पलीकडे गेली. ढोलाच्या पुढे दादा, गुलालानं माखलेला. हौसाआक्कानं ओसरीवर घोंगडी टाकलेली होती. तिनं दादाला पुढे बोलावलं, घोंगडीवर बसवलं, कपाळाला गंध लावलं. मग मुलाच्या हातून नवी पांढरी टोपी घेऊन त्याच्या डोक्यावर ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला.

"पावनं, लई पळापळ केलीत. आता घरी जावा, निवांत बसा," ती म्हणाली. आणि मान वळवून, "ए मालिनी, नुसती उभी काय ऱ्हायलीस? आत बग, आदन उकळून चाललंय. सगळ्यास्नी च्या करायचाय."

वहिनी पदर खोचून आत गेली.

परतताना दादाचे पाय जमिनीवर नव्हते. "टॉवेल-टोपी! कुंदे, भर गावासमोर. मालिनीला बिचारीला साधं हळदीकुंकूही नाही, पण मला टोपी घातली. शेवटी माणूस कोण, हे त्यांना कळतं." मी "हो रे दादा" म्हणाले. एवढ्या आनंदी माणसाला आणखी काय सांगणार?

पहिल्या सभेचा दिवस उजाडला. महापालिकेची गाडी खाली आली. वहिनी हातात फाइल घेऊन जिन्यात आली, तर दादा आधीच पायरीवर उभा. कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावर तो टॉवेल, डोक्यावर ती टोपी.

"चल. मी तुझ्या मागच्या खुर्चीवर बसतो. काय बोलायचं ते सांगत जाईन."

वहिनी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मीच पुढे झाले.

"दादा, त्या दिवशी वहिनीची ओटी भरली, ती कशाला भरली होती माहितीये?"

"मान दिला."

"मान दिलाच. पाहुणीचा. पाहुणीला मान देऊन तिच्या घरी लावतात. दुसऱ्या दिवशी तिला ओटी नाही मिळाली, पोळपाट मिळाला. शिव्या मिळाल्या. हांडा उचलायला लावला. तेव्हा ती त्यांची झाली आणि मतं पडली." मी त्याच्या टोपीकडे पाहिलं. "बाईला ओटी, दादा. आणि बाप्याला?"

दादा टोपीला हात लावून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांसमोरून ती घोंगडी, तो नारळ, ते "घरी जावा, निवांत बसा" सगळं एकामागून एक गेलं असणार. खाली ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"म्हणजे बोळवण केली माझी," तो म्हणाला.

"गावानं केली," वहिनी म्हणाली. "मी नाही करायची. मी कशी करीन?" तिनं त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची नीट घडी घातली आणि तो त्याच्या हातात दिला. मग फाइल काखेत मारून जिना उतरली. खालच्या वळणावरून तिचा आवाज आला.

"अहो, दुपारी पाणी सुटेल, टाकी भरून घ्या. आणि चारला चहा टाकून ठेवा, मी येते तोवर. आलं घाला. मागच्या वेळी पांचट केला होतात."

गाडी गेली. दादानं डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवली आणि स्वयंपाकघरातून मला हाक मारली.

"कुंदे, आलं कुठे ठेवता गं तुम्ही?"